अवकाशयानावर गंज चढतो का? मिनिएचर रंगवणाऱ्यांनो, जरा इकडे या

तिसरा_थर:

नमस्कार मंडळी,

टेबलावर खेळायच्या अवकाशयुद्धाच्या खेळासाठी एक क्रूझर (मोठं लढाऊ यान) रंगवतोय. थ्रीडी प्रिंट केलेलं रेझिनचं मॉडेल आहे, तळहाताएवढं. धुऊन, घासून, काळा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारून झाला. त्यावर वरच्या बाजूने पांढऱ्या प्रायमरचा हलका फवारा दिला आणि मग फिकट राखाडीचे पातळ हात. इंजिनांच्या नळकांड्या गनमेटल. इथवर सगळं मनासारखं झालंय, पण यान अजून खेळण्याच्या डब्यातून काढल्यासारखं कोरं दिसतंय.

पुढे काय करायचं यावरून आमच्या कंपूत दोन तट पडलेत. एक म्हणतो, सांध्यांमधून तपकिरी ओघळ काढ, कडांचे टवके उडव, थोडा गंज दाखव, त्याशिवाय जीव येत नाही. दुसरा म्हणतो, अवकाशात ना हवा ना पाणी, गंज चढेल कशाने? आणि ओघळ खाली येतात ते गुरुत्वाकर्षणामुळे, तिथे 'खाली' कुठून आणणार? त्याच न्यायाने वरून पांढरा फवारा मारणंही त्याला मंजूर नाही.

मी मनाने पहिल्याच्या बाजूचा. पण दुसऱ्याला गप्प कसं करावं ते सुचत नाहीये. तुम्ही लोक काय करता?

गोगलगाय:

जागा अडवून ठेवतेय, निवांत येऊन लिहीन. तोवर फोटो टाका की.

तिसरा_थर:

चढवायचा प्रयत्न चालू आहे. आकार फार मोठा आहे म्हणून नाकारतंय.

निशाचर_:

मग क्रूझरऐवजी लहानशी फ्रिगेट घ्यायची होती. :ड

शून्यगुरुत्व:

तुमच्या दुसऱ्या मित्राला माझं मत.

लोखंड गंजायला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतं, निर्वातात दोन्ही नाही. शिवाय भविष्यातलं यान पोलादी पत्र्याचंच असणार हे कोणी ठरवलं? आजच्या यानांमध्येसुद्धा भर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंवर असतो. तपकिरी ओघळ हे समुद्रातल्या जहाजांवरून उचललेलं चित्र आहे, दुसरं काही नाही.

पण म्हणून यान कोरं राहतं असंही नाही. नासाने १९८४ मध्ये एलडीईएफ नावाचा बारा बाजूंचा एक मोठा दंडगोल कक्षेत सोडला होता. निरनिराळे पदार्थ अवकाशात कसे टिकतात ते बघायला. १९९० मध्ये तो परत आणला. त्यावर एकाच पांढऱ्या रंगाचे नमुने वेगवेगळ्या बाजूंना लावलेले होते. मागच्या बाजूचे अतिनील किरणांनी तपकिरी पडले आणि पुढच्या बाजूचे पांढरेच राहिले! कारण त्या उंचीवर ऑक्सिजनचे सुटे अणू असतात. यान त्यांच्यावर जाऊन आदळत राहतं आणि रंगाचा करपलेला वरचा पापुद्रा खरवडला जातो. म्हणजे यान जुनं दिसायला लागलं, पण वरून खाली नाही, पुढून मागे. शिवाय सूक्ष्म उल्का आणि कचरा आदळून पडलेले हजारो बारीक खड्डे होते ते वेगळेच.

तेव्हा गंज नको. नाकाकडे उजळ आणि शेपटीकडे पिवळट-तपकिरी अशी अगदी हलकी छटा द्या. मित्र गप्प बसेल आणि यानही जुनं दिसेल.

तिसरा_थर:

हे भन्नाट आहे. पुढून मागे हा विचारच डोक्यात आला नव्हता.

जुना_गडी:

शून्यगुरुत्व, माहिती रोचक आहे, पण मला पटलेलं नाही.

>> वरून खाली नाही, पुढून मागे

अहो, खेळणारा माणूस कक्षेत बसलेला नाही. तो टेबलाशी उभा आहे, दिवा त्याच्या डोक्यावर आहे आणि यान हातभर अंतरावर. एवढ्या लहान वस्तूवर खोलीतल्या दिव्याची जी सावली पडते ती फारच क्षीण असते. ती डोळ्याला जाणवावी म्हणून आपण ती रंगानेच पाडून ठेवतो. वरून पांढरा फवारा त्यासाठी. त्याचा सूर्याशी काही संबंध नाही. खऱ्या अवकाशासारखा उजेड दाखवायचा तर विखुरलेला प्रकाश नाहीच, उन्हाची बाजू लख्ख आणि सावलीची जवळजवळ काळी. असं रंगवलेलं यान फोटोत देखणं दिसेल, पण टेबलावर समोरच्याला ते कुठल्या वर्गाचं आहे आणि तोफा कुठे आहेत तेच कळणार नाही.

गंजाला माझाही विरोध आहे, पण कारण वेगळं. तिसरा_थर, नियमपुस्तकात यानाची लांबी दिलीय का?

तिसरा_थर:

हो, पाचशे मीटर. मॉडेल दहा सेंटिमीटरच्या आसपास आहे.

जुना_गडी:

म्हणजे प्रमाण १:५०००. आता मांडा हिशोब. मॉडेलवरचा अर्ध्या मिलिमीटरचा टवका म्हणजे यानावर अडीच मीटर. स्पंजाने टिपून उडवलेला टवका सहज दोन मिलिमीटरचा होतो, म्हणजे दहा मीटर. तीन मजले उंचीचा रंग उडालाय आणि कॅप्टनला पत्ताच नाही! टवके, ओरखडे, गंज ही सगळी रणगाड्यांची आणि यंत्रमानवांची भाषा आहे. तिथे प्रमाण मोठं असतं, माणूस शेजारी उभा असतो. एकट्या वैमानिकाच्या लढाऊ यानावरही चालेल. पाचशे मीटरच्या क्रूझरवर तेच केलं की क्रूझर एकदम खेळण्याएवढी होते. तुम्हाला ते यान 'खेळण्यासारखं' वाटतंय ना, त्यावर टवके काढलेत तर आणखी वाटेल.

मोठं यान मोठं वाटतं ते दोन गोष्टींनी: एकाच रंगाच्या शेजारशेजारच्या किंचित वेगळ्या छटा आणि बारीक, सरळ रेघा. बस.

निशाचर_:

कॅप्टनला पत्ता आहे हो. कंत्राटदाराचं बिल अडकलंय.

गोगलगाय:

जुना_गडी +१. हिशोब मांडून कोणी टवके मोडीत काढलेले पहिल्यांदाच बघतेय.

रंगारीण:

वाद छान रंगलाय, पण तिसरा_थर यांचं यान अजून कोरंच आहे, म्हणून थोडं हाताचं काम सांगते.

पहिली गोष्ट, अख्ख्या यानावर वॉश (खाचांमध्ये साचणारा पाण्यासारखा पातळ, गडद रंग) ओतू नका. खडबडीत कपड्याच्या चुण्यांवर तो मस्त बसतो, पण यानाचे पृष्ठभाग सपाट असतात. सपाट जागेवर पाणी वाळताना रंगद्रव्य कडेकडे ढकललं जातं आणि डागाला काळपट किनार येते. फिकट राखाडीवर तर ती लपता लपत नाही.

त्याऐवजी आधी ग्लॉस वार्निशचा एक पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या, घाई नको. मग तैलरंग घ्या. निव्वळ काळा नको, राखाडीवर तो फार कडक दिसतो. बर्न्ट अंबरमध्ये थोडा काळा आणि कणभर निळा मिसळा. बिनवासाच्या व्हाइट स्पिरिटमध्ये इतका पातळ करा की पॅलेट कलता केला की तो लगेच धावला पाहिजे. बारीक टोकाचा ब्रश बुडवून, पुसून, टोक खाचेला नुसतं टेकवायचं. रेघ ओढायची नाही. रंग आपणच खाचेतून पळत जातो, दोन खाचा मिळतात त्या चौकात क्षणभर थबकतो आणि दोन्हीकडे फुटतो. जिथे थांबेल तिथून पुढे पुन्हा टेकवायचं. ग्लॉस दिलेला नसेल तर तो खाच सोडून बाजूला पसरतो, म्हणून ती पायरी गाळू नका.

सगळ्या खाचा भरल्या की थांबायचं. ओली चकाकी गेली आणि रंग निस्तेज दिसायला लागला की चपटा ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून कागदावर जवळपास कोरडा करायचा आणि नाकाकडून शेपटीकडे, एकाच दिशेने, हलक्या हाताने पुसत जायचं. खाचेतला रंग राहतो, बाहेर सांडलेला निघतो, आणि निघताना मागे एक अगदी पुसट पट्टा सोडतो. शून्यगुरुत्व म्हणतात ती पुढून मागे जाणारी छटा हीच. वेगळी करावी लागत नाही.

खाली पूर्ण वाळलेला ॲक्रिलिक असेल तर स्पिरिट त्याला काही करत नाही. खिडक्या मात्र उघड्या ठेवा.

मी_नुसता_वाचक:

यातलं ओ की ठो कळत नाही, तरी सगळं वाचलं. रंग खाचेतून पळतो हे वाचून आत्ताच्या आत्ता करून बघावंसं वाटतंय. घरात यान नाही एवढीच अडचण.

निशाचर_:

अशीच सुरुवात होते. पळा.

अर्धाब्रश:

रंगारीण ताईंची पद्धत उत्तम आहे यात वाद नाही. पण प्रत्येकाला तैलरंग झेपत नाही. वास 'बिनवासाच्या' स्पिरिटलाही थोडा येतोच, आणि पुढच्या वार्निशआधी निदान एक दिवस, जाड बसला असेल तर त्याहून जास्त, थांबावं लागतं. ज्याला पुढच्या बैठकीत यान उतरवायचंय त्याने काय करावं?

माझा उपाय: टोकदार पेन्सिल. साधी ग्रॅफाइटची, मध्यम कडक. मॅट पृष्ठभागावर खाचेतून एकदा फिरवली की रेघ तयार. मॉडेलवर खाच नसली तरी पट्टी लावून नवीन पॅनल आखता येतं, ते तैलरंगाच्या बापाला जमणार नाही. वर वार्निश बसलं की रेघ थोडी मंद होते, ती एका अर्थी बरीच. फक्त वार्निश फवाऱ्याने द्या. ब्रशने दिलंत तर ग्रॅफाइट पसरतं आणि राखाडी यानाचं मळकट यान होतं.

जुना_गडींनी छटांचा उल्लेख केला त्यात भर. मूळ राखाडीत थेंबभर निळा मिसळून काही पॅनल, थेंबभर पिवळट मिसळून काही पॅनल. फरक इतका कमी ठेवा की रंगवताना आपल्यालाच शंका यावी. हातभर अंतरावरून बघाल तर पृष्ठभाग 'भरलेला' वाटतो, पण का ते सांगता येत नाही. मास्किंग टेप आधी हाताच्या पाठीला चिकटवून चिकटपणा कमी करा, नाहीतर खालचा रंग घेऊन येते.

रंगारीण:

पेन्सिल मान्य. पण प्रिंट केलेल्या रेझिनवर थरांच्या रेषा राहिल्या असतील तर पेन्सिल त्यांवर खडखडत जाते आणि रेघ तुटक येते.

अर्धाब्रश:

हो, तेवढं खरं.

शून्यगुरुत्व:

जुना_गडी, उजेडाच्या मुद्द्यावर अर्धी माघार. खेळण्यापुरतं वरून उजळ ठेवा. पण 'खालून काळोख' याला मात्र विरोध कायम.

ग्रहाच्या कक्षेत फिरणाऱ्या यानाच्या पोटावर ग्रहाचा परावर्तित उजेड पडतो. पृथ्वीभोवती असेल तर निळसर. चंद्रावरच्या अपोलोच्या फोटोंमध्येही सावलीतला अंतराळवीर स्पष्ट दिसतो, कारण आसपासची उजळ जमीन प्रकाश परत फेकते. तेव्हा पोटाला निव्वळ काळपट करण्यापेक्षा गार निळ्या ग्लेझचा (खालचं दिसेल इतक्या पातळ, पारदर्शक रंगाचा) एक हात द्या. सावलीची सावली राहते आणि यान कुठल्या तरी ग्रहाजवळ आहे असं वाटतं. लाल ग्रहाच्या मोहिमेत खेळत असाल तर तांबूस.

आणि ज्यांना 'वर' हवाच आहे त्यांच्यासाठी अवांतर: अपोलोची यानं चंद्राकडे जाताना स्वतःभोवती सावकाश फिरत राहायची, एकच बाजू उन्हात तापू नये म्हणून. वर-खाली काय, तिथे कायमची उजळ बाजूसुद्धा नव्हती.

जुना_गडी:

निळी ग्लेझ आवडली. उचलतोय. बाकी अर्धी माघार म्हणजे माझा अर्धा विजय, नोंद घ्यावी.

चांदणचुरा:

धागा जरा भरकटवतो.

मळकी यानं ही कल्पना आली कुठून, तर मॉडेल बनवणाऱ्यांकडूनच. संगणकावर चित्रं बनायच्या आधी पडद्यावरची यानं खरीखुरी मॉडेल्स असायची. ते कारागीर रणगाड्यांची, जहाजांची, विमानांची प्लास्टिक किट फोडून त्यांचे सुटे भाग यानावर चिकटवायचे. नळ्या, झाकणं, जाळ्या. कशाचा काय उपयोग हे कोणालाच माहीत नसायचं, पण डोळ्याला वाटायचं की यंत्र अवाढव्य आहे. मग त्यावर धूळ, काजळी, ओघळ. कॅमेऱ्यासमोर कोरं मॉडेल मॉडेलच दिसतं, हे त्यांनाही कळलं होतं. म्हणजे तुमच्या पहिल्या मित्राचीही परंपरा काही लहान नाही.

खऱ्या यानांवर रंग हा आधी कामाचा असतो. पांढरा उष्णता परतवायला. सॅटर्न-५ वरचे काळे-पांढरे पट्टे रॉकेट किती फिरतंय ते जमिनीवरून दिसावं म्हणून. आणि रंगाला वजन असतं! स्पेस शटलची नारिंगी बाह्य टाकी आठवते? १९८१ मधल्या पहिल्या दोन उड्डाणांना ती पांढरी रंगवलेली होती. तिसऱ्यापासून रंग देणं बंद केलं आणि साधारण २७२ किलो वजन वाचलं. नारिंगी तो फोमचाच रंग.

निशाचर_:

२७२ किलो रंग वाचला!! आमच्याकडे लोक प्रायमरचा तिसरा हात द्यायचं थांबत नाहीत.

शून्यगुरुत्व:

रंगावरून आठवलं. १९८३ मध्ये शटलच्या एसटीएस-७ मोहिमेत चॅलेंजरच्या खिडकीच्या काचेला खड्डा पडला होता. तपासात निघालं की आदळलेली गोष्ट म्हणजे कुठल्या तरी यानावरून उडालेला रंगाचा बारीकसा कपचा. वेगच इतका असतो की कपच्याचीही गोळी होते. काच बदलावी लागली.

निशाचर_:

म्हणजे टवके उडवणं हे शस्त्र आहे. पुढच्या सामन्यात माझी फ्रिगेट रंगाचे पोपडे झाडत जाणार. सहा पडला तर काच फुटली.

जुना_गडी:

नियमपुस्तकात नाही. नामंजूर.

निशाचर_:

कृपया हलके घ्या.

गोगलगाय:

निवांत आले. तोवर पूर्ण सेना उतरली की इथे. इंजिनांबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून तेवढंच लिहिते.

यान तयार वाटण्यात निम्मा वाटा इंजिनाच्या उजेडाचा असतो. बहुतेक जण नळकांड्याच्या आत निळा भरतात आणि मध्ये पांढरा ठिपका देतात. उलट करा. आधी आतली पोकळी पूर्ण पांढरी, दोन-तीन पातळ थरांत, कारण पांढरा एका थरात कधीच झाकत नाही. मग निळ्याची पाण्यासारखी ग्लेझ काठाकडून आत न्यायची आणि तळापर्यंत पोचायच्या आधी थांबायचं. वाळली की तीच ग्लेझ पुन्हा, पण आधीपेक्षा काठाच्या जवळ. तिसऱ्यांदा फक्त काठावर. तळ पांढराशुभ्र, मध्ये आकाशी, काठ गडद, असा उतार आपोआप मिळतो. ब्रश नेहमी काठाकडे उचलायचा, कारण जिथे तो उचलला जातो तिथे रंग साचतो.

बाहेर सांडलेला उजेड दाखवायचा असेल तर एकच पथ्य. जिथून नळकांड्याचा आतला भाग 'दिसतो' तिथेच निळा पडेल. शेजारच्या पंखाच्या आतल्या बाजूला हो, बाहेरच्या बाजूला नाही. आणि सांडलेला उजेड मूळ उजेडापेक्षा उजळ कधीच नको. तसं झालं की इंजिन पेटल्यासारखं न दिसता निळा रंग लवंडल्यासारखं दिसतं.

गनमेटल रंगवून झाल्यावर पाणी आणि ब्रश बदलायला विसरू नका. धातूच्या रंगातली चमकी पाण्यात उरते आणि पुढच्या पांढऱ्यात येऊन बसते.

शून्यगुरुत्व:

निर्वातात इंजिनाचा झोत असा झगझगीत दिसेलच असं नाही, पण मी आता गप्प बसायला शिकतोय.

गोगलगाय:

शिका शिका. :)

नवखा_कप्तान:

सगळं वाचून काढलं, वाचनखूण साठवली. एक अगदी सुरुवातीचा प्रश्न. वर थरांच्या रेषांचा उल्लेख आला. त्या काढायच्या कशा? माझ्या मॉडेलवर प्रायमर मारल्यावर त्या जास्तच उठून दिसायला लागल्या.

रंगारीण:

प्रायमर तेच काम करतो, दोष उघडे पाडायचं. आत्ताही उशीर झालेला नाही. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग ६००, मग ८००, कायम पाण्यात भिजवून. कोरडं घासू नका, रेझिनची धूळ छातीत जाणं वाईट. मास्क लावाच. सपाट जागेला कागद एखाद्या सपाट ठोकळ्यावर गुंडाळून घासायचा, बोटाने घासलं की कडा गोल होतात आणि यानाची धार जाते. मग पुन्हा पातळ प्रायमर, पुन्हा बघा. आणि मॉडेल हाताला चिकट लागत असेल तर रेझिन पुरतं पक्कं झालेलं नाही. तेव्हा हातमोजे घालूनच हाताळायचं, आधी अतिनील दिव्याखाली ठेवायचं, रंगाचं नंतर.

नवखा_कप्तान:

धन्यवाद ताई. चिकट नाहीये, घासायला घेतो.

तिसरा_थर:

अपडेट. ग्लॉस दिला, रंगारीण ताईंच्या पद्धतीने तैलरंग भरला, नाकाकडून शेपटीकडे पुसला. पोटाला निळी ग्लेझ. टवके शून्य, गंज शून्य. पहिला मित्र नाराज आहे, पण इंजिनांच्या मागे काजळी द्यायला दुसऱ्याचीही हरकत नव्हती, तेव्हा तिथे त्याला हात धुऊन घेऊ दिले. फोटो अजूनही चढत नाहीये.

आता डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं. यानाच्या अंगावर क्रमांक, बाजूंना नाव आणि नाकावर चिन्ह. याआधी लावलेले डिकल वाळल्यावर त्यांच्याभोवती चंदेरी झाक यायची. का होतं ते?

अर्धाब्रश:

खालचा पृष्ठभाग मॅट असेल तर त्याच्या खडबडीतपणात हवा अडकते आणि पारदर्शक फिल्मखालून ती चंदेरी दिसते. तुमच्याकडे ग्लॉस आधीच आहे, तेव्हा निम्मं काम झालंय. डिकल मऊ करणारा द्राव मिळतो, तो वापरा. लावला की डिकल सुरकुततो, तेव्हा घाबरून हात लावू नका, वाळता वाळता तो खाचांमध्ये बसतो. लावायच्या आधी फिल्मची जादा कड छपाईच्या अगदी जवळून कापा.

शेवटचं वार्निश मॅट द्या, पण दमट हवेत फवारा मारू नका. वार्निश पांढुरकं धुरकट होतं आणि यान धुक्यात शिरतं. दुरून, पातळ, एकामागून एक. इंजिनांवर आणि धातूच्या भागांवर मॅट नको, चमक मरते. तिथे ब्रशने सॅटिन (अर्धवट चमकीचं). खिडक्यांवर शेवटी ग्लॉसचा ठिपका.

जुना_गडी:

आणि एक गोष्ट जी सुंदर रंगवणारे विसरतात. हे यान खेळात वापरायचंय. लोक त्याला पकडणार, ते पडणार, डब्यात एकमेकांवर घासणार. यान ज्या पारदर्शक काडीवर उभं असतं तिचा सांधा आधी तुटतो, म्हणून तिथे छोटं निओडायमियम चुंबक बसवा. धक्का लागला की यान सुटून येतं, काडी मोडत नाही, डब्यातही आडवं ठेवता येतं. सुपरग्लू लावताना काडीपासून जपून, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिक पांढरट पडतं. आणि यान उचलताना बोटं जिथे जातात त्या कडांवर वार्निशचा एक हात जास्त.

दोन क्रूझर सारख्याच रंगवणार असाल तर ओळखायला काहीतरी खूण ठेवा. पण फक्त लाल विरुद्ध हिरवा नको. आमच्यातल्या एकाला त्यातला फरक दिसत नाही, तो बिचारा कित्येक सामने चुकीच्या यानावर मारा करत होता आणि आम्हाला तो डाव वाटत होता. पट्ट्यांची संख्या किंवा क्रमांक बरा.

निशाचर_:

मला तर रंग नीट दिसतात तरी मी चुकीच्या यानावर मारा करतो.

तिसरा_थर:

फोटो चढला एकदाचा! छोटा करून टाकलाय. डिकल लावून झालेत, वार्निश बाकी आहे. कसं वाटतंय सांगा.

चांदणचुरा:

खलास! ती पुढून मागे जाणारी पुसट छटा फार सुंदर आलीय. पाचशे मीटरचं वाटतंय खरं.

गोगलगाय:

इंजिनं मस्त. डावीकडच्या दुसऱ्या नळकांड्याच्या काठाला अजून एक हात चालेल. आणि फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ घ्या, दिव्याखाली निळी ग्लेझ हरवलीय.

जुना_गडी:

नाकावरचं चिन्ह जरा मोठं चाललं असतं. खेळताना नाक कुठल्या दिशेला आहे हे सगळ्यात आधी दिसायला हवं. बाकी झकास.

शून्यगुरुत्व:

मला आवडलं. फक्त उजव्या बाजूचं नाव उलटं लागलंय का? अक्षरांची डोकी पोटाकडे आहेत.

निशाचर_:

तुम्हीच म्हणाला होतात ना, तिथे वर-खाली नसतं!

तिसरा_थर:

अरे देवा. खरंच की. द्राव लावून वाळलाय पण. आता निघेल का?

रंगारीण:

वार्निश दिलेलं नाही ना, मग निघेल. कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा त्यावर थोडा वेळ ठेवा, मग मास्किंग टेपचा तुकडा दाबून एका टोकापासून सावकाश उचला. नाव फाटेल, ते परत वापरायचं नाही, शीटवरचं दुसरं घ्या. खालचा ग्लॉस कुठे निघाला तर तेवढ्याच जागी पुन्हा द्या आणि वाळल्यावरच नवीन लावा.